कामे थांबली, तसे चालणेही थांबले

माझ्या आईने व्यायाम म्हणून कधी काही केले नाही. पण सकाळी दूध, मग देऊळ, येताना मंडईतून भाजी, मध्येच पासबुक भरून आणायला बँक आणि संध्याकाळी भजनी मंडळ अशा फेऱ्यांमुळे तिचे पाय दिवसभर चालते असत. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली आणि या सगळ्या फेऱ्या एकदमच बंद पडल्या. पुढे ३ जूनपासून महाराष्ट्रात सकाळी पाच ते संध्याकाळी सात या वेळेत बाहेर फिरायला मुभा मिळाली, तरी पासष्टीपुढच्यांनी घरातच राहावे ही सूचना कायम होती. संसर्ग झाल्यास आजार गंभीर होण्याचा सर्वाधिक धोका त्यांनाच असल्याने ती योग्यही होती.

चार-सहा महिन्यांत फरक दिसू लागला. एरवी सहज उठणारी आई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, थोडी पुढे झुकून, दुसऱ्या प्रयत्नात उठू लागली. उतारवयात पायांचे स्नायू वापराविना लवकर झिजतात आणि भरून यायला मात्र फार वेळ घेतात. त्यातच तोल सांभाळण्याची सवय मोडली की पडण्याची भीती बसते आणि त्या भीतीने चालणे आणखी कमी होते. आम्ही तिला गच्चीवर फेऱ्या मारायला सुचवले. काही दिवस तिने मारल्या, मग म्हणाली, "कुठे जायचंच नाही, तर चालायचं कशाला?"

तिचे म्हणणे मला पटते. पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी आणि निदान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सल्ला उत्तमच आहे. पण आमच्या घरी तरी पाय हलत होते ते कामामुळे आणि वाटेत भेटणाऱ्या माणसांमुळे.

१६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली देवळे उघडली आणि आई कठडा धरून का होईना, पण स्वतःहून पायऱ्या चढली. खरी अडचण त्यानंतरची आहे. साथ ओसरली, तरी किराणा फोनवरून मागवण्याची आणि बँकेचे व्यवहार मुलांनीच उरकण्याची सवय घरोघरी तशीच राहिली. सोय म्हणून सुरू झालेल्या या गोष्टींनी वृद्धांची कामे कायमची काढून घेतली, याची मला मनापासून काळजी वाटते. आमच्याकडे दूध आणि भाजी पुन्हा आईकडे सोपवली आहे, पिशवी हलकी राहील एवढे फक्त पाहतो. भजनी मंडळ मात्र पुन्हा भरलेच नाही, आणि संध्याकाळच्या त्या फेरीची जागा घेईल असे काही तिला अजून मिळालेले नाही.