पस्तीस वर्षांच्या पट्ट्या

१९८६ साली मी पुण्यात ईसीजी टेक्निशियन म्हणून लागले, म्हणजे हृदयाचा आलेख कागदाच्या पट्टीवर काढणारी; तेव्हा छातीला रबरी फुग्यांचे इलेक्ट्रोड लावायचे असत. जेली चोळायची, फुगा दाबून चिकटवायचा. केस दाट असले की फुगा सुटायचा, मग रेझर शोधा. म्हणून मला चेहऱ्यांपेक्षा छातीवरचे केस जास्त आठवतात. तेव्हा ते बहुतेक पांढरे असत. पेठेतले किंवा भोर-मुळशीकडून आणलेले साठीचे काका, विडीने पिवळी पडलेली बोटं.

पुढे स्ट्रेप्टोकायनेज आलं, रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध. १५ लाख युनिट, तासाभरात सलाइनमधून. मी पुन्हा पुन्हा पट्टी काढायची. अटॅकमध्ये आलेखाचा एसटी नावाचा भाग वर चढतो; तो खाली बसताना दिसला की सिस्टर आणि मी एकमेकींचा हात धरायचो. मग अँजिओप्लास्टी रोजची झाली.

२००० नंतर मात्र रात्रपाळीत काळे केस दिसायला लागले. हिंजवडीतली मुलं, कंपनीचं कार्ड गळ्यात तसंच. ३४, ३८, ४१. पुष्कळ जण सिगारेट ओढणारे, पण सुपारीचं खांडही न खाणारेही असत. त्यांचं पोट सुटलेलं, वडिलांना चाळिशीतच अटॅक आलेला, साखर कधी तपासलेलीच नाही. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासाचे आकडे आमच्या डॉक्टरांनी एकदा वाचून दाखवले: दक्षिण आशियात पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी, बाकीच्या जगात ५९च्या आसपास. वजनकाट्यापेक्षा कंबरेचा घेर जास्त खरं सांगतो, हेही त्यातच होतं. तेव्हापासून शर्ट वर करताना माझी नजर आधी पट्ट्याच्या भोकांवर जायची. जुनं भोक ताणलेलं, त्याच्यापुढे दोन नवी.

पण मला बोलायचंय ते बायकांबद्दल. मी बाई, म्हणून त्यांचा ईसीजी माझ्याकडेच यायचा. पुरुष छातीवर मूठ धरून यायचे. बाई म्हणायची, पाठ भरून आलीय, जबडा ठणकतोय, मळमळतंय, पित्त झालं असेल. आणि यायची सगळ्यांची जेवणं उरकून. मधुमेह असला तर काहींना दुखायचंही नाही. पट्टीवर खोल क्यू लाट दिसायची, म्हणजे अटॅक कधीच येऊन गेलेला.

२००९च्या श्रावणात आमच्या वन्सं घरी आल्या होत्या. वय ५१, सात वर्षांचा मधुमेह. रात्री घाम फुटला, पोटात वर जळजळतंय म्हणाल्या. उपवासाची साबुदाण्याची खिचडी बाधली असं आम्हा दोघींनाही वाटलं. मी त्यांना ओवा आणि सोडा दिला. तेवीस वर्षं पट्ट्या काढणाऱ्या मी! सकाळी सातला माझ्याच हाताने त्यांची पट्टी काढली. दोन, तीन, एव्हीएफ, हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या तिन्ही लीडमध्ये एसटी चढलेला, म्हणजे अटॅकच. त्या वाचल्या, पण हृदय अधूच राहिलं. पर्वती चढणारी बाई एका जिन्यात दोनदा बसायची. २०१६ साली गेल्या.

ती पट्टी मी ठेवलीय. तो कागद उष्णतेवर छापतो, रेघा पुसट होत जातात. आता तारीख तेवढी वाचता येते.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीला, माझ्या भाचीला, धरून तपासायला नेलं. वय ४२. "मामी, मला काही होत नाहीये गं," म्हणत होती. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आता रोज सकाळी सहाला आम्ही दोघी तळजाईला जातो, आणि चढावर ती थांबली की मी घड्याळात बघते.