जुलैतलं झाकण

मे महिन्यात मी सागवानाची एक पेटी केली. आठ इंच लांब, पाच इंच रुंद, सरकत्या झाकणाची. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आतून खाच आणि त्या खाचेत झाकण. ते इतकं नेमकं बसलं होतं की ढकलताना आतली हवा दबून बारीकसं ‘फुस्स’ व्हायचं. घरी आलेल्या प्रत्येकाला मी तो आवाज ऐकवला, कुरिअरवाल्यालासुद्धा.

जुलैत पेटी उघडेना. आत स्कूटरची दुसरी किल्ली होती. पहिली कुठे आहे हे ठाऊक असतं तर दुसरी लागलीच नसती.

ओळखीच्या सुतारकाकांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “झाकणाला आतून पॉलिश मारलं होतंत का?”

मी गप्प.

“मग आता दिवाळीपर्यंत थांबा.”

लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. चाळिशीनंतर आपलंही तेच होतं म्हणा. पाच इंची सागाचं झाकण पावसाळी हवेत मिलिमीटरभर रुंद होऊ शकतं, आणि मी तर खाचेत कागदाएवढीच फट ठेवली होती. त्यात पॉलिश फक्त वरून. त्यामुळे झाकणाने खालच्या बाजूने भराभर ओल पिऊन घेतली आणि ते पापडासारखं बाक धरून बसलं.

लाकूड होतं पाडलेल्या एका वाड्याचं. वखारीत काळपट-करडं पडलेलं, कोणी ढुंकूनही पाहू नये असं. रंधा फिरवला की आतून सोनेरी साग निघतो आणि बाल्कनीभर चामड्यासारखा, किंचित तेलकट वास पसरतो. सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे रंध्याचं पातं फार लवकर बोथटतं. माझं बोथटलं नाही, त्याला एका जुन्या खिळ्याने दात पाडले. कोपऱ्यांना कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात कापून ते एकमेकांत गुंतवायचे होते. बारा कापले, चार जमले. उरलेल्या आठांतल्या फटींत सागाचाच भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरला. हे मी पाहुण्यांना सांगत नाही.

खरा जीव रमतो पॉलिशमध्ये. आधी काचपेपर, १२० नंबरचा, मग २२०, मग ३२०. मग ओलं फडकं फिरवायचं. गुळगुळीत झालं असं वाटणाऱ्या लाकडावर बारीक लव उभी राहते. ती वाळली की पुन्हा हलक्या हाताने घासायची. मग लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर एक इवलासा किडा हा राळेसारखा पदार्थ अंगाभोवती तयार करतो. तो खरवडून, वितळवून, पसरून त्याचे पातळ पापुद्रे करतात, तो चपडा. पाव लिटर स्पिरिटमध्ये ३० ग्रॅम चपडा रात्रभर ठेवला की सकाळी गवती चहासारखं पिवळसर पाणी तयार. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्याही याच लाखेच्या असायच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या ताना घरोघरी पोचवण्यात या किड्याचाही हात होता. आणि मुंबईच्या बोलीत ‘पेटी’ म्हणजे एक लाख, तेव्हा माझ्या पेटीवर लाख चढणं तसं रीतसरच.

कापसाचा बोळा जुन्या मलमलीत गुंडाळायचा, पॉलिशमध्ये बुडवायचा, पिळायचा आणि न थांबता गोल गोल फिरवायचा. थांबलात की बोळा चिकटला. एकेक हात क्षणात वाळतो. असे दहा-बारा हात झाले की लाकडाला आतून दिवा लावल्यासारखं होतं. पावसाळ्यात मात्र हे करू नये. स्पिरिट उडताना माठासारखं लाकूड गार पडतं, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पॉलिशखाली पांढरट धुकं कोंडतं. म्हणूनच मी मे महिन्यात घाई केली, आणि घाईत झाकणाची आतली बाजू राहिली. घाईत म्हणजे, आत कोण बघणार होतं?

आजीची फणेरपेटी होती. झाकणात आरसा, आत फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा. तिचं झाकण लहानपणापासून मला ढिलं आठवतं. उचलून नेली की खुळखुळायची. सुतार कच्चा असावा अशी माझी समजूत होती. मध्यंतरी ती माळ्यावरून काढली, ऐन श्रावणात. झाकण एका बोटाने उघडलं. आरसा काढून पाहिला, तर त्याच्या मागच्या लाकडालाही पॉलिश होतं.

माझी पेटी ऑक्टोबरच्या शेवटी आपणहून सुटली. तोवर मी नवी किल्ली करून घेतली होती. काका म्हणाले, “कडेने रंध्याचे दोन हात मारा, आतून पॉलिश करा, पुन्हा त्रास नाही.” रंधा काढला, पातं नीट लावलं, झाकण शिकंज्यात धरलं. मग एकदा शेवटचं म्हणून ते पेटीत सरकवून पाहिलं. फुस्स.

रंधा परत ठेवला. किल्ल्या हल्ली दाराजवळच्या खिळ्याला असतात.