नावडतीचं मीठ

रॉक ऐकणाऱ्या चारचौघांत 'लेड झेपेलिन हा बँड काही आपल्याला आवडत नाही बुवा' असं म्हटलं, की पहिलं उत्तर ठरलेलं: तू नीट ऐकलं नाहीस. चांगल्या हेडफोनवर ऐक. तरी नाही? मग रेकॉर्डवर ऐक, मग लाइव्ह ऐक. एवढं करूनही गडी बधला नाही तर गाडी वयावर येते. पोरसवदा असेल तर 'अजून लहान आहेस', पन्नाशीचा असेल तर 'तुझं वय झालं'. नेमकं काय आवडत नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलंच तर न आवडणाराही 'ओव्हररेटेड आहेत' एवढं बोलून मोकळा होतो. या शब्दातून कौतुक करणाऱ्यांविषयी थोडंफार कळतं, गाण्याविषयी काहीच कळत नाही.

नावडतीचं मीठ अळणी, हे खरंच. पण कधीकधी मीठ खरोखरच कमी पडलेलं असतं, आणि कधी मीठ बेताचं असून राग वाढणाऱ्यावर असतो. कुठलं काय आहे ते चाखून ठरवावं लागतं, आणि रॉकच्या बाबतीत ते बऱ्यापैकी अचूक ठरवता येतं.

मीठ सरळसरळ चुकल्याचं ठळक उदाहरण म्हणजे मेटालिका या बँडचा २००३ सालचा अल्बम 'सेंट अँगर'. स्नेअर ड्रमच्या खालच्या पडद्याला बारीक, वेटोळ्यांच्या वीसेक तारांचा पट्टा लावलेला असतो. वर काठी पडली की या तारा खालच्या पडद्यावर थडथडतात आणि रॉकमधला तो ओळखीचा 'छाप्' असा कोरडा आवाज निघतो. ड्रमच्या कडेला एक खटका असतो. तो खाली केला की पट्टा सैल होतो, आणि 'छाप्'च्या जागी 'टण्ण' येतं. त्यांचा ड्रमर लार्स उलरिकने अख्खा अल्बम खटका खाली ठेवून वाजवला. अल्बम ७५ मिनिटांचा. हे 'टण्ण' वाईट का लागतं? त्याला स्वतःचा एक सूर असतो आणि तो विरायला वेळ घेतो. तबलजी गायकाच्या सुराला तबला लावून घेतो. इथे गाणं कुठल्याही सुरात असो, ड्रम आपलाच सूर आळवत राहतो. त्यात गिटारचा एकही सोलो नाही, म्हणजे कानाला टेकायला दुसरी जागाही नाही. हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला होता, पण त्याने मुद्दा बदलत नाही.

याच बँडचा १९८८ सालचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' लावून लोक स्पीकर बिघडला असं समजतात. बेस गिटार, म्हणजे खर्जाची गिटार, ऐकूच येत नाही. ॲम्प्लिफायरवर बेसचं बटण कितीही पिळलं तरी फायदा नाही, कारण मिक्सिंगमध्येच, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवतानाच, तो तळाशी दाबलेला आहे. शिवाय बेसवादक जेसन न्यूस्टेड बऱ्याच ठिकाणी गिटारचीच ओळ सुरासूर वाजवतो, त्यामुळे जेवढा उरला तेवढाही गिटारच्या आड जातो. बटणाने बेस वाढत नाही, गिटारचा गढूळपणा वाढतो. या अल्बमचा कंटाळा येणाऱ्याने तो लांब गाण्यांच्या माथी मारण्याआधी चाहत्यांनी बेस वर काढून केलेली एखादी आवृत्ती ऐकावी. कंटाळा गेला तर तो मिक्सिंगचा होता. राहिला तर तो लेखनाचा, आणि मग खुशाल बोलावं.

अशी तुलना करताना एक पथ्य पाळायचं. दोन्ही आवृत्त्यांचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा. दोन अगदी सारख्या रेकॉर्डिंगपैकी एक जेमतेम एक डेसिबलने मोठं असलं, तरी कान त्यालाच 'चांगलं' ठरवतो. कंपन्यांना हे ठाऊक असल्याने ध्वनिमुद्रणं वर्षानुवर्षं चढ्या आवाजात दाबून काढली गेली. मेटालिकाच्याच २००८ सालच्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये हे इतकं झालं, की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जाऊन आवाज फाटला. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात होती आणि तिथे ती जास्त मोकळी वाजत होती. सीडीपेक्षा खेळण्यातलं गाणं बरं! फाटलेल्या आवाजाने कान दोन-तीन गाण्यांत थकतो, आणि थकलेला माणूस 'बँड आवडत नाही' म्हणतो. त्याची तक्रार खरी असते, फक्त पत्ता चुकलेला असतो.

आयर्लंडच्या यू-टूचं प्रकरण वेगळं. तिथे काहीही चुकलेलं नाही, सगळं फार बरोबर आहे, आणि दुखणं तेच आहे. त्यांचा गिटारवादक द एज प्रतिध्वनी देणारं डिले यंत्र वापरतो. १९८७ च्या 'द जोशुआ ट्री'मधलं पहिलं गाणं मिनिटाला साधारण १२६ ठोक्यांच्या लयीत आहे. म्हणजे एक ठोका ४७६ मिलिसेकंदांचा. त्याचा पाऊण भाग, सुमारे ३५७ मिलिसेकंद, एवढ्या अंतरावर प्रतिध्वनी लावायचा आणि तो मूळ सुराइतकाच मोठा ठेवायचा. मग बोटांनी आवर्तनात सरळ आठ सूर छेडले, की प्रतिध्वनी बरोबर मधल्या रिकाम्या जागांत पडतात आणि ऐकू येतात सोळा. युक्ती फक्कड आहे. पण लय वाढून १३० झाली तर अंतर ३४६ लागतं. यंत्र मात्र ३५७ वरच अडलेलं. पहिला प्रतिध्वनी ११ मिलिसेकंद उशिरा, दुसरा २२, आणि नक्षीचा चिखल होतो. म्हणून अशी गाणी वाजवताना ड्रमरच्या कानात लय मोजणारी क्लिक सोडावी लागते. गाणं जरा रंगलं म्हणून किंचित पुढे सरकण्याची मुभाच उरत नाही.

ज्याला वादकाचा श्वास ऐकायची सवय आहे त्याला हे गुदमरवणारं वाटतं, आणि ते वाटणं रास्त आहे. या एका गाण्याने स्टुडिओतला इतका वेळ खाल्ला, की निर्माता ब्रायन ईनो वैतागून त्याची टेप पुसायला निघाला होता. रेकॉर्डिंगवाल्याने त्याला आवरलं.

यू-टूवरचा बराच राग मात्र गिटारचा नाहीच. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलने त्यांचा नवा अल्बम ५० कोटी आयट्यून्स खात्यांत न विचारता टाकून दिला. लोकांचा संताप पाहून आठवड्याभरात तो काढून टाकण्यासाठी वेगळं पान सुरू करावं लागलं, आणि पुढे त्यांचा गायक बोनोने माफीही मागितली. त्या आठवड्यात यू-टूचा तिटकारा आलेल्या अनेकांनी तो अल्बम ऐकलाच नव्हता. हा वाढणाऱ्यावरचा राग. तो धरायला हरकत नाही, फक्त त्याला संगीतसमीक्षा म्हणू नये.

आपल्याकडच्या कानांची आणखी एक अडचण आहे आणि ती मोकळेपणी बोलली जात नाही. ब्लूजमधून आलेल्या रॉकमध्ये गिटार शुद्ध गंधार असलेला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरून बसते आणि गायक त्याच क्षणी कोमल आणि शुद्ध यांच्या मधला कुठलातरी गंधार लावतो. आपल्याकडे जोगमध्ये दोन्ही गंधार येतात, पण आपापल्या पाळीने. इथे ते एकदम अंगावर येतात. तानपुऱ्यावर वाढलेला माणूस म्हणतो, बेसूर गातोय. रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगरवर मराठी घरांत हा आरोप पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. तो बेसूर नाही, तो घर्षण मुद्दाम करतोय. हे कळल्यावरही ते आवडेलच असं मुळीच नाही. कारल्याचा कडूपणा मुद्दामचा आहे हे कळून कारलं गोड लागत नाही. लयीचंही तसंच. आपला हात समेवर पडायला शिकलेला, आणि रॉकचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. टाळी पहिल्या-तिसऱ्यावर देत राहिलं तर अख्खं गाणं फरफटत चालल्यासारखं वाटतं. न आवडणारं गाणं एकदा तरी दोन-चारवर टाळी देऊन ऐकावं. बराचसा जडपणा तिथेच उतरतो.

उलट काही ठिकाणी आपला कान पुढे आहे. पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या 'मनी'चं कौतुक सांगताना 'सात मात्रांत आहे!' असं डोळे विस्फारून सांगितलं जातं. लहानपणापासून रूपकातली भजनं आणि गझला ऐकलेल्याला सात मात्रांचं अप्रूप काय सांगता? आणि गिटारचा सोलो आला की तेच गाणं गुपचूप चार मात्रांवर उतरतं. डेव्हिड गिलमोरचा सोलो उत्तम आहे, वाद नाही. पण साताची फुशारकी मारायची आणि रंगायच्या वेळी चारात जायचं, यावर जो हसतो त्याला अडाणी म्हणू नये. ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे तो १९७३ ते १९८८ या काळात मिळून ७४१ आठवडे अमेरिकेच्या यादीत होता. तो काही लोकांना इतका ऐकावा लागला, की नावड ही निव्वळ अतिपरिचयाची असू शकते. त्यावर उपाय कालावधीचा आहे, कानाचा नाही. पुढे सेक्स पिस्टल्सचा गायक झालेला जॉन लायडन १९७५ मध्ये 'मला तिरस्कार आहे' असं वर खरडलेला पिंक फ्लॉइडचा टी-शर्ट घालून लंडनच्या किंग्ज रोडवर हिंडत असे. नंतर त्याने तो अल्बम आपल्याला आवडतो असं सांगून टाकलं.

गायक बॉब डिलनबद्दल थोडक्यात. आवाज आवडत नसेल तर प्रश्न मिटला, नोबेलने गळा बदलत नाही.

क्वीनला महाराष्ट्रात नावं ठेवणं जोखमीचं. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड काढला, त्यामुळे इथे तो घरचाच. तरी तक्रारीला जागा आहे. १९७५ च्या 'बोहेमियन रॅप्सडी'तला तो प्रचंड गायकवृंद म्हणजे मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर असे तीनच गळे, २४ ट्रॅकच्या टेपवर थरावर थर चढवलेले. शंभर माणसांच्या वृंदात शंभर पोत असतात, कोणी जरा उशिरा येतो, कोणाचा स्वर किंचित खाली असतो. इथे तीनच पोत पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्या आवाजाला एक लखलखीत वॉर्निश चढलेलं आहे. काहींना ते वॉर्निशच हवं असतं. ज्यांना नको, त्यांना नाटकीपणाचं वावडं आहे असं धरून चालू नये. संगीत नाटकांवर पोसलेला माणूसही या वॉर्निशला कंटाळू शकतो.

आता झेपेलिन. त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा लांबीचा. १९७६ मध्ये आलेल्या त्यांच्या लाइव्ह अल्बमवर 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' हे एकच गाणं रेकॉर्डची एक आख्खी बाजू खातं, जवळजवळ २७ मिनिटं. त्यात गिटारवादक जिमी पेज गिटारवर व्हायोलिनचा बो चालवतो. व्हायोलिनची घोडी कमानदार असते, त्यामुळे बो एकेका तारेवर वेगळा टेकवता येतो. गिटारच्या तारा जवळपास एका पातळीत. बो मधल्या तारेवर नेला की शेजारच्याही घासल्या जातात. म्हणजे सुरावट काढता येत नाही, काढता येतो तो घोंगावणारा भार. एखाद मिनिट अंगावर काटा आणतो. त्यापुढे तो भार ऐकणाऱ्यावर पडतो. शिवाय हे गाणं मुळात जेक होम्स या गायकाचं, १९६७ चं. त्याचा उल्लेख झेपेलिनच्या रेकॉर्डवर यायला खटला आणि तडजोड व्हावी लागली. पण श्रेयाचा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा, नाहीतर न आवडणाऱ्या सुरांना नीतीचा आधार दिला जातो आणि आवडत्या चोराला सूट मिळते.

गायक रॉबर्ट प्लँटच्या किंकाळ्यांमुळे झेपेलिन नको वाटणाऱ्यांसाठी एक सोपी परीक्षा मुंबईतच तयार झालेली आहे. १९७२ मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले आणि विजय राघव राव यांच्या मदतीने इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी त्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. अधिकृतपणे ती २०१५ मध्ये बाहेर आली. दोन्हींत ड्रमर बॉनमचे ड्रम नाहीत, आणि 'फोर स्टिक्स'मध्ये प्लँटचं गाणंही नाही. तबला आणि तंतुवाद्यं आहेत. 'फोर स्टिक्स' पाच आणि सहा मात्रांत आलटूनपालटून चालतं, ते आपल्या वादकांनी कसं पेललंय हे कान देऊन ऐकण्यासारखं. हे आवडलं, तर झेपेलिनची रचना मान्य आहे आणि नावड गळ्याशी किंवा ड्रमशी आहे. हेही नाही आवडलं, तर हेडफोन बदलायला सांगणाऱ्या मित्राला हा पुरावा दाखवावा.

राहता राहिलं ईगल्स या बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. भारतात गिटारच्या क्लासला जाणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा यातून जातो आणि त्याच्या शेजारीपाजारीही जातात. मूळ धून एका बोटाने दाखवता येईल इतकी सरळ: आठ कॉर्ड, एकेका आवर्तनाला एक, आणि पुन्हा पहिल्यापासून. गायक डॉन हेन्लीच्या गळ्याला पट्टी चढी पडली म्हणून गाणं बी मायनरमध्ये आणलं गेलं, त्यामुळे शिकणारे सातव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, लावून ई मायनरची बोटं धरतात. निर्माता बिल सिमझिकने वेगवेगळ्या टेकमधले उत्तम तुकडे उचलून मुख्य टेपवर ३३ ठिकाणी कापून जोडले. एकही सांधा ऐकू येत नाही. शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या गिटारी प्रत्येक कॉर्डचेच सूर सुटेसुटे करून जोडीने वाजवतात, म्हणून तिथे चुकीचा सूर लागणं जवळपास अशक्य. बेतलेलं, शिवलेलं, इस्त्री केलेलं काम. ज्याला सुरकुती आवडते त्याला ते सोसत नाही. गाणं साडेसहा मिनिटांचं आहे आणि गायन चार मिनिटं वीस सेकंदांच्या सुमारास संपतं. मित्रांच्या बैठकीत ते लागलंच, तर शब्द संपेपर्यंत बसावं, कारण शब्द बरे आहेत. आणि गिटारी सुरू झाल्या की चहा टाकायला उठावं. पुढची दोन मिनिटं कोणीही वर बघत नाही, सगळे हवेत गिटार वाजवत असतात.