घडणावळ मोजायला लागले तेव्हा

कानातल्यांच्या एका जोडाला तार किती लागली, मणी किती लागले, कानात अडकवायचे आकडे कुठले लावले, हा हिशेब पावत्या काढून बसलं की लगेच जमतो. अडतं ते वेळेपाशी. दागिने छंद म्हणून करत होते आणि आवडलं त्याला देऊन टाकत होते, तोवर वेळेचा भाव काढायची गरजच नव्हती. विकायचं ठरवल्यावर मात्र सगळ्यात आधी तेच करायला बसले. समोर घड्याळ, बाजूला वही. तार कापणं, टोकं घासणं, वेटोळी घालणं, मणी निवडणं, जोड जुळवणं, पुसून तपासून कार्डावर लावणं, प्रत्येक टप्प्यापुढे मिनिटं लिहीत गेले.

त्या नोंदी वाचल्या तेव्हा कळलं की पक्कड हातात असते तो वेळ थोडाच असतो. खरा वेळ जातो मणी निवडण्यात. नैसर्गिक खड्यांच्या सरीत दोन मणी तंतोतंत सारखे मिळत नाहीत. एक गडद, दुसरा फिका; कुणाचं भोक मधोमध नाही, कुणी एका अंगानं चपटा. गळ्यातल्या माळेत हे खपून जातं, उलट शोभतंही. कानातल्यांना मात्र जोड लागतो, आणि चेहऱ्याच्या दोन बाजूंना लटकणारे दोन मणी वेगळे असतील तर ते लगेच दिसतं. म्हणून नवी सर आली की मी ती आधी पूर्ण सोडवते, पांढऱ्या कापडावर पसरते, जोड्या लावते आणि लहान डब्यांत भरून ठेवते. ज्यांना जोडीदार मिळत नाही ते मणी पदकांना जातात. नंतर काम करताना शोधाशोध उरत नाही. आकड्यांचंही तसंच. एका बैठकीत फक्त आकडेच वळायचे. हात एकदा त्या वळणाला बसला की पुढचे सगळे सारख्या उंचीचे येतात.

मग किंमत. चार गोष्टींची बेरीज करते: साहित्य, घडणावळ, वरखर्च आणि नफा. वरखर्चात कार्ड, डब्या, सँडपेपर, वाया गेलेली तार, पक्कडींची झीज, पार्सलचं सामान, पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचं शुल्क हे तर येतंच. शिवाय फोटो काढणं, विचारणांना उत्तरं देणं, पत्ते लिहिणं यांत जाणारा वेळही येतो. नफा मी घडणावळीपासून वेगळा धरते आणि यावर मी ठाम आहे. घडणावळ ही माझ्या हातांची कमाई. नफा हा व्यवसायाचा. त्यातून पुढचं साहित्य येतं, मंदीचा महिना निभावतो, नवी हत्यारं घेता येतात. दोन्ही एकाच रकमेत कोंबले की विक्री वाढत राहते आणि हातात काही उरत नाही.

ही बेरीज म्हणजे घाऊक भाव. किरकोळ भाव त्याच्या साधारण दुप्पट ठेवते. ऐकायला हे जास्त वाटतं, पण त्यामागचं कारण साधं आहे: एखाद्या दुकानानं माल मागितला तर ते दुकान किरकोळ किमतीतला मोठा वाटा, कधी निम्म्यापर्यंत, स्वतःकडे ठेवतं. थेट विकताना मी फक्त घाऊक भाव घेतला असता, तर दुकानाला द्यायला माझ्याकडे वाटाच नसता. आणि जो दागिना दुकानात आहे तो मी स्वतः स्वस्तात विकणं हे त्या दुकानदाराशी बरोबर नाही. भाव दोन्हीकडे एकच.

काही नमुन्यांची बेरीज फार मोठी निघाली. ११ नंबरच्या बारीक मण्यांचं, म्हणजे जेमतेम २ मिलिमीटरच्या दाण्यांचं, सुईनं विणलेलं रुंद कडं करायला जितके तास लागतात तितक्या तासांचे पैसे लहान दागिना घ्यायला आलेलं गिऱ्हाईक देणार नाही. अशा वेळी भाव खाली आणायचा मोह होतो. मी भाव तसाच ठेवला आणि नमुना बदलला. विणकाम लहान करून पदकापुरतं ठेवलं, बाकीचा भाग साध्या साखळीचा केला. नजर जिथे जाते तिथेच बारीक काम. पूर्ण विणलेली कडी मी आजही करते, पण मोजकी, पूर्ण घडणावळ लावून. आणि ज्यांना त्या कामाची पारख आहे ती माणसं ती घेतात.

आता ज्या भागावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे त्याबद्दल: आकडे, भाग जोडायच्या बारीक कड्या, माळ किंवा कडं बंद करायचे फास. गिऱ्हाईक खड्याकडे बघून दागिना उचलतं, पण तो वर्षभर वापरला जाईल की खणात पडेल हे या बारीक गोष्टींवर ठरतं. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर; तो जितका मोठा तितकी तार बारीक, हे आधी डोक्यात बसवावं लागतं. कानाच्या आकड्यांना मी २० गेज, म्हणजे ०.८१ मिलिमीटरची तार वापरते. १८ गेजची तार १.०२ मिलिमीटर असते आणि बऱ्याच जणांच्या कानाच्या भोकात ती सुखानं जात नाही. २२ ची ०.६४, ती वापरता वापरता वाकते. खड्याभोवती वेटोळी घालायला २४ किंवा २६.

चांदीची किंवा तांब्याची मऊ तार नुसती वळवून आकडा केला तर तो हळूहळू उघडतो. म्हणून वळवल्यावर पोलादी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं ठोकायचा. ठोकल्यानं, वाकवल्यानं धातू कडक होत जातो. उलट तो फार कडक झाला आणि तुटेलसं वाटलं तर तापवून पुन्हा मऊ करता येतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलेली तार मोडते तीही याच कडकपणामुळे, म्हणून आकडा एकदाच, नीट मापानं वळवायचा. टोक कानसीनं गोल करायचं, मग ४००, ६००, १००० अशा चढत्या नंबरांच्या सँडपेपरनं घासायचं. तपासायला मी जुना नायलॉनचा मोजा ठेवलाय. टोक त्याच्या धाग्यात अडकलं तर काम अजून बाकी आहे.

कडी उघडताना दोन टोकं एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत. एक पुढे, एक मागे अशी फिरवायची. ओढली की गोलाई कायमची बिघडते आणि बारीक फट राहते. त्या फटीतून साखळी निसटते. वजनही बघते. एका कानाचं वजन आठ-दहा ग्रॅमच्या वर गेलं की दिवसभर घालणं त्रासाचं होतं, म्हणून प्रत्येक नवा नमुना आधी वजनकाट्यावर जातो आणि नंतर दिवसभर माझ्याच कानात राहतो. असे किती सुंदर नमुने मी संध्याकाळी मोडून ठेवलेत! वाईट वाटतं, पण ते मोडलेलेच बरे.

कातडीशी लागणाऱ्या धातूबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही. धातूंमुळे होणाऱ्या ॲलर्जीत निकेलची ॲलर्जी सगळ्यात जास्त आढळते, आणि ती एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. स्वस्त तयार आकड्यांवर वरून सोनेरी किंवा चंदेरी मुलामा असतो, त्याखाली पुष्कळदा निकेलचा थर. मुलामा झिजला की निकेल थेट कातडीला लागतं. युरोपीय संघाच्या नियमात टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यांतून दर आठवड्याला, दर चौरस सेंटीमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटलं पाहिजे अशी मर्यादा आहे. इतक्या सूक्ष्म मापावरून या धातूचा त्रास किती खरा आहे ते समजतं. मी आकडे ९२५ चांदीचे करते: ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. ज्यांचे कान फारच नाजूक आहेत त्यांच्यासाठी टायटॅनियमचे किंवा नायोबियमचे. विक्रेत्यानं धातूचं मिश्रण लेखी दिलं असेल तरच मी ‘निकेलविरहित’ असं लिहिते.

पितळेचं काम मला मनापासून आवडतं, विशेषतः थोडं वापरून झाल्यावर त्याला येणारा उबदार रंग. पण पितळेत तांबं असतं आणि घामाशी संबंध आला की कातडीवर हिरवट डाग पडू शकतो. तो धुतला की जातो. हे मी विकण्याआधी सांगते, कार्डावरही छापते. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे आणि रबरातही गंधक असतं, म्हणून चांदीचे जोड रबरबँडनं कधी बांधत नाही. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, हवा काढून ठेवते. मोत्यांचा कडकपणा मोहस् मापावर २.५ ते ४.५, स्फटिकाचा ७; अंक मोठा तितका खडा कडक. दोन्ही एकाच डबीत घातले की मोत्यांवर ओरखडे पडणारच. मोत्यांची माळ मी रेशमावर, दर मोत्यामागे गाठ घालून गाठवते. दोरा तुटला तरी एकच मोती सुटतो, आणि मोती एकमेकांवर घासतही नाहीत. ही गाठ मोत्याला चिकटून बसवायला सराव लागतो, पण एकदा जमली की या कामासारखं शांत काम नाही.

खड्यांची नावं खरी लिहायची. फिरोजा म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात हाऊलाइट नावाचा पांढरट खडा रंगवून भरपूर घातलेला असतो. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस भोकाच्या कडेला फिरवला तर पुष्कळदा निळा रंग कापसावर येतो. हाऊलाइट वाईट नाही, मी तो आवडीनं वापरते. फक्त वर्णनात ‘रंगवलेला हाऊलाइट’ असंच लिहिते आणि भावही त्याचाच लावते.

फोटोंसाठी महागडं काही घेतलं नाही. थेट ऊन न येणारी खिडकी, समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा, तेवढ्यानं सावल्या मऊ होतात. पांढऱ्या कागदावर चांदी ठेवली की फोटो करडा येतो, कारण कॅमेरा तो पांढरेपणा मध्यम उजेडावर ओढून आणतो. उजेड हातानं थोडा वाढवला की रंग जागेवर येतो. प्रत्येक दागिन्याचा एक फोटो कानात किंवा गळ्यात घातलेला, एक मोजपट्टीशेजारी, एक मागच्या बाजूचा. पट्टीशेजारचा फोटो लावल्यापासून ‘वाटलं त्यापेक्षा लहान निघालं’ ही तक्रार जवळजवळ थांबली.

प्रदर्शनात टेबल मांडते तेव्हा चेहऱ्याच्या उंचीला आरसा ठेवते आणि प्रत्येक जोडावर किंमत लिहिते. किंमत विचारायला संकोचणारी माणसं खूप असतात. ती न विचारताच पुढे जातात. ‘थोडं कमी करा’ असं कुणी म्हटलं तर भाव कमी करत नाही, त्याच रंगाचा कमी कामाचा जोड पुढे करते. वेळेच्या नोंदी असल्यामुळे हे सांगताना आवाज चाचरत नाही. कुणाला ऐकायचं असेल तर हा मणी कसा जुळवला, हा आकडा का ठोकला, तेही सांगते. पुष्कळांना ते ऐकायचं असतं.

मागणीनुसार करायच्या दागिन्याला आधी कागदावर चित्र, मापं, तारीख, आणि निम्मी रक्कम आगाऊ. चित्र मान्य झाल्यावर झालेल्या बदलांची घडणावळ वेगळी. दुकानात विक्रीसाठी ठेवायला दिलेल्या मालाची यादी दोघांच्या सहीनं करते. त्यात वाटा किती, पैसे कधी, आणि माल हरवला किंवा चोरीला गेला तर भरपाई कुणाची, हे तीन मुद्दे असल्याशिवाय माल सोडत नाही. दुरुस्ती मात्र मी पैसे न घेता करते, आकडा सैल झाला असेल किंवा कडी उघडली असेल तर. दुरुस्तीला आलेला जोड हातात घेतला की नेमकं कुठे झिजतं ते कळतं. वरच्या वेटोळ्याला एक फेरा जास्त घालायला मी तिथूनच शिकले.

चांदीचा भाव हलत राहतो, म्हणून हल्ली प्रत्येक नमुन्यापुढे चांदीचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. भाव बदलला की साहित्याचा आकडा तेवढा बदलतो, घडणावळीला हात लागत नाही. हात सरावल्यामुळे एखाद्या नमुन्याचा वेळ कमी झाला तरीही मी त्याची घडणावळ उतरवत नाही; तो वाचलेला वेळ नव्या नमुन्यांना देते. सध्या फाशाचे प्रयोग चालू आहेत. तयार फास विकत न घेता तारेचाच, एका हातानं लावता येईल असा फास करायचाय. बोटांना सांधेदुखी असलेल्या एका ग्राहक आजींनी तसं विचारलं होतं, आणि त्याचे तीन आकार आता वजनकाट्यावरून पुढे सरकून मनगटावर तपासायला आलेत.