टाकी आज आणली, मग मासे आजच का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि एकदाच लिहितेय, कारण हा प्रश्न मला ऑफिसात विचारून झालाय, इथे इंदूरला रामबागेतल्या हळदीकुंकवात विचारून झालाय, लिफ्टमध्ये झालाय, आणि एकदा तर कोणाच्या तरी तेराव्याच्या जेवणात, श्रीखंड वाढता वाढता. टाकी आणली, पाणी भरलं, पंप लावला, मग मासे का नाही सोडत? महिनाभर नुसते बुडबुडे बघत बसायचं? आणि मग ते ठरलेलं वाक्य, आमच्या दुकानवाल्या भियाने तर सगळं एकदमच दिलं, टाकीपण, मासेपण, निळं औषधपण.

दिलं असेल. त्याला पुढच्या महिन्यात परत मासे विकायचेत. (हे कडू झालं जरा, राहू दे.)

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. मासा अमोनिया टाकतो, आणि तो मुख्यतः कल्ल्यांतून, म्हणजे नुसता श्वास घेत उभा असला तरी टाकतोच. उरलेलं खाणं तळाशी कुजतं, त्याचाही अमोनिया. तलावात तो पसरतो, विरतो, दोन फुटी टाकीत जेमतेम पन्नास लिटर पाणी, तिथून जाणार कुठे? तर तो खाणारे जीव लागतात, म्हणजे बॅक्टेरिया. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, ते पण विषच, रक्तात गेलं की माशाला ऑक्सिजन घेता येत नाही, कल्ले तपकिरी पडतात. दुसरी जमात नायट्राइटचं नायट्रेट करते, ते बरंच सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. हे जीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत, चिकटून राहतात, स्पंजला, खड्यांना, काचेला. आणि वाढतात अगदी सावकाश. नवीन टाकीत दोन्ही जमाती पुरेशा व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. टाकी सायकल करणं म्हणतात ते हे. तेव्हा टाकी रिकामी नसते हो, तुम्हाला दिसत नाही एवढंच.

झालं उत्तर. एवढंच होतं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं, असं विचाराल. कारण प्रश्न विचारला जातो तेव्हा बहुतेक वेळा बाबा, म्हणजे माझे सासरे, समोर सोफ्यावर बसलेले असतात.

बाबांना थोडं ओळखून घ्या. इंदूरचा स्वच्छतेत 2017 ला पहिला नंबर आला तेव्हापासून ते स्वतःला त्यात भागीदार समजतात. सहा प्रकारचा कचरा वेगळा. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरायच्या आत हे फाटकाशी डबे घेऊन उभे. शेजारच्यांनी ओल्यात प्लास्टिक टाकलं तर हे काढून परत त्यांच्या ओट्यावर ठेवतात, बोलत नाहीत, नुसतं ठेवतात. घरातली कोणतीही वस्तू त्यांच्या हातून गेली की ती चमकतेच.

एका वर्षी दिवाळीआधी मी ऑफिसातून आले तर टाकी अशी दिसत होती की मला क्षणभर वाटलं नवीन आणली. काच लख्ख, पाणी लख्ख, खड्यांचा एकेक रंग वेगळा. मासे फिरत होते, मॉली, गप्पी, तळाशी फिरणाऱ्या कोरी, सगळे. आणि गच्चीत दोरीवर, मोज्यांच्या शेजारी, चिमटा लावून फिल्टरचा स्पंज वाळत होता. तो मुळात निळा होता हे मी विसरलेच होते, दोन वर्षांत चॉकलेटी झालेला. बाबांनी तो नुसता धुतला नव्हता, नातवाच्या दुधाच्या बाटल्या ज्या पातेल्यात उकळायचे त्याच पातेल्यात उकळला होता. खडे पण उकळले. पाणी पूर्ण बदललं, पण मी करते ते बघून ठेवलेलं, त्यामुळे क्लोरीन मारायचे थेंब मोजून घातलेले, म्हणजे तिथे काही चूक काढायला जागाच नाही.

"बघ बेटा, अर्धी बादली काळं पाणी निघालं. कशात राहत होते बिचारे!"

मी म्हटलं, वा, मस्तच.

त्या अर्ध्या बादलीतच माझी टाकी होती. सासूबाई चहा टाकत होत्या, मुलगा काचेला नाक लावून उभा, सगळे खूश, आणि मी हिशोब करत होते की झाडांवर किती बॅक्टेरिया राहिले असतील, काचेच्या कोपऱ्यात राहिले असतील का. दुसऱ्या दिवशी मासे ठीक. मला वाटलं निभावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे वर, बुडबुड्यांपाशी, तोंडं पाण्याच्या रेषेला. टेस्ट ट्यूबमध्ये थेंब टाकले, अमोनियाचा रंग पिवळा राहिला पाहिजे, तो हिरवा झाला आणि गडद होत गेला. पाणी बदलायचं तर नर्मदा आमच्याकडे एक दिवसाआड, जलूदहून सत्तर किलोमीटर पाइपातून येणारं पाणी, तो दिवस नेमका बिनपाण्याचा. घरात होतं ते बोअरिंगचं, जड, पीएच आठच्या वर. आणि अमोनियाचा दगा असा की तोच अमोनिया पीएच सातच्या पाण्यात बहुतांशी निरुपद्रवी रूपात असतो आणि आठच्या पाण्यात त्याचा विषारी भाग साधारण दहापट होतो. म्हणजे बदललं तरी मार, नाही बदललं तरी मार. मी थोडं थोडं बदलत राहिले, खाणं बंद केलं, शेजारून नर्मदेच्या दोन बादल्या मागून आणल्या. कोरी आधी गेल्या. कोरी जाताना आडवी पडते आणि कल्ले इतके भरभर हलतात की मोजता येत नाहीत. मग मॉली, ती पोटुशी होती.

बाबा त्या दिवसांत नीट जेवले नाहीत. चहाच्या जुन्या गाळणीने एकेक मासा तेच काढायचे, तुळशीत नको म्हणून जास्वंदीच्या कुंडीत पुरायचे. आणि शेवटी त्यांनी विचारलंच, "मी धुतलं म्हणून का गं?"

मी म्हटलं, "नाही हो बाबा, थंडी पडली ना एकदम."

घरात तेव्हा पंखे चालू होते.

आता यावर मला कोणी शहाणपण शिकवू नका, मी स्वतःशी पुरेशी भांडलेय. तेव्हाची मी म्हणते, म्हातारा माणूस, प्रेमाने केलं, त्याला अपराधी करून काय मासे परत येणार होते? आताची मी म्हणते, हो, पण त्यांना खरं कारण कळलं असतं तर? त्यांच्यासारखा शिस्तीचा माणूस तुला या शहरात दुसरा मिळाला नसता, टेस्टची वही त्यांनी तुझ्यापेक्षा नीट ठेवली असती. तू त्यांना वाचवलंस की अडाणी समजलीस? याचं उत्तर मला येत नाही. तेव्हाची मी पण हटत नाही.

कारण त्या खोट्याचं पुढे काय झालं ते ऐका. दुसऱ्याच दिवशी बाबा स्कूटर काढून गेले आणि स्वतःच्या पेन्शनमधून हीटर घेऊन आले. शंभर वॉटचा, थर्मोस्टॅटवाला. रिकाम्या टाकीसाठी. अजूनही डिसेंबर लागला की मला दुपारी ऑफिसात फोन येतो, सव्वीस दाखवतंय, वाढवू का? आणि पाहुणे आले, कोणी तुमचा तो प्रश्न विचारला, की मी उत्तर द्यायच्या आधी तेच सांगतात, "पाण्याचं तापमान स्थिर व्हायला वेळ लागतो." ते ऐकून मी मान डोलावते. इतकी वर्षं तुम्हाला मिळालेलं उत्तर ते आहे. चुकीचं आहे ते.

गंमत म्हणजे हीटर कामाला आला. मी नंतर टाकी परत लावली ती मासे न सोडता, वरून अमोनिया देऊन, आणि हे जीव कोमट पाण्यात, सव्वीस अठ्ठावीसला, जोरात वाढतात, गार पाण्यात रेंगाळतात. आपल्याकडे जानेवारीत रात्री दहावर पारा येतो, हीटर नसता तर मी होळीपर्यंत बसले असते. म्हणजे बाबांचं कारण खोटं, वस्तू बरोबर.

अमोनिया कुठून आणला हे पण विचारतात लोक, म्हणून सांगते. नवसागर. कल्हईवाला भांडं तापवून टाकतो आणि पांढरा धूर निघतो तोच, अमोनियम क्लोराइड. बर्तन बाजारात मिळतो, पण कल्हईच्या नवसागरात आणखी काय असेल याचा भरवसा नाही, मी लॅबची केमिकलं विकणाऱ्याकडून शुद्ध घेतला. पन्नास लिटरला ग्रॅमचा तिसरा हिस्सा टाकला की दोन पीपीएमच्या, म्हणजे लिटरला दोन मिलिग्रॅमच्या, आसपास अमोनिया होतो, बास. मग टेस्ट करत बसायचं. बरेच दिवस काहीच होत नाही, मग अमोनिया उतरायला लागतो आणि आपण खूश होतो तर नायट्राइट वर, ट्यूब आभाळी निळ्याची जांभळी. आणि ती जांभळी जाता जात नाही, खरी परीक्षा तिथे आहे, निम्मे लोक तिथेच मासे आणून मोकळे होतात. टाकलेला अमोनिया एका दिवसात अमोनियाही शून्य, नायट्राइटही शून्य असा साफ झाला की टाकी तयार. नंतर बरंचसं पाणी बदला, साठलेलं नायट्रेट काढा, आणि आणा मासे. नवसागर नको असेल तर माशांचं खाणं चिमूटभर रोज टाकून कुजू द्या, तेही चालतं, वास येतो.

बाटलीतले बॅक्टेरिया? मिळतात. चांगल्या ठेवलेल्या असतील तर काही उपयोगी पडतात. मी घ्यायला गेले तर लेबलवर नायट्रोबॅक्टर लिहिलेलं, आणि संशोधक टिमोथी होवानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्येच दाखवलंय की गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचं काम नायट्रोस्पायरा करतात. हे मी दुकानवाल्याला सांगितलं. त्याने मला मोठ्या आदराने एक गोल्डफिश दाखवला.

आणि हो, "आम्ही पहिल्याच दिवशी सोडले आणि जगले" वाले. माहितेय मला. मी पण त्यातलीच. अगदी पहिल्या टाकीत मी गप्पी त्याच संध्याकाळी सोडलेले आणि सगळे जगले, वर पिल्लं पण झाली. तेव्हा कुठे होतं तुझं हे सोवळं, असं ती जुनी मी मला ऐकवते. बाई गं, तेव्हा मोजकेच गप्पी होते, गप्पीला आपलं जड पाणी मानवतं, आणि टाकीत तू अर्धी टाकी भरेल इतका हायड्रिला कोंबला होतास, वाढती झाडं अमोनिया थेट उचलतात. तुला काही माहीत होतं म्हणून नाही जगले. पण ती म्हणते, जगले ना? आणि तिला काय सांगू, जगले. मासे सोडून पण सायकल होते, थोडे मासे, कमी खाणं, रोज टेस्ट, सारखं पाणी बदलणं, जमतं ज्याला करायचंय त्याला. मला ते परत बघवत नाही एवढंच. हे शास्त्र नाही, हा माझा हट्ट आहे, लिहून घ्या हवं तर.

बाबा हे वाचतील का? वाचतीलही, व्हॉट्सॲपवर काहीही फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचतंच. वाचलं तर बरं की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ठरवून मग लिहायचं म्हटलं असतं तर हे लिहून झालंच नसतं.

गेल्या आठवड्यात ऑफिसातला एक जण आला, रविवारी मुलाचा वाढदिवस, टाकी घेतली, मुलाला शब्द दिलाय, आता तुमचे पाच आठवडे कुठून आणू? मी चिडले आधी. मग त्याला माझ्या चालत्या फिल्टरचा अर्धा स्पंज कापून, टाकीच्याच पाण्यात बुडवून, पिशवीत बांधून दिला. विरजण. सांगितलं, घरी जाऊन तासाभरात नव्या फिल्टरमध्ये कोंब, वाळू देऊ नकोस, नळाखाली धरू नकोस, रविवारी चारच गप्पी, खाणं चिमूट, आणि रोज अमोनिया बघ. त्याने खरंच केलं. ट्यूब पिवळीच्या पिवळी. आता तो कँटीनमध्ये सगळ्यांना सांगतोय की मॅडम उगाच घाबरवतात, एका दिवसात होतं, आणि पुढच्या पगाराला एंजल माशांची जोडी आणणार आहे. टाकी त्याची दहा इंच उंच. एंजल पंखांसकट वाढून केवढा होतो ते मी त्याला मोबाइलवर दाखवलं, तर म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू.