आमची वाटचाल : रीबोअरिंगपासून रेडलाइनपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे काम ज्या वसाहतीपासून सुरू झाले, तीच ही वसाहत. ऐंशीच्या दशकात वडिलांनी सिलिंडर मोठा करणारे एक बोअरिंग मशीन, तो आतून घासून मापात आणणारे एक होनिंग मशीन आणि दुसऱ्या हाताचे एक लेथ एवढ्या भांडवलावर येथे धंदा मांडला, तेव्हा आमचे गिऱ्हाईक म्हणजे प्रामुख्याने प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी होत्या. १,०८९ सीसीचे ते इंजिन ६८ मिलिमीटर बोअरचे, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास तेवढा. सिलिंडर झिजला की टॅक्सीवाला निळा धूर सोडत यायचा, बोअर वाढवून (हेच रीबोअरिंग) थोडा मोठा, ओव्हरसाइज पिस्टन टाकून घ्यायचा आणि हिशेब चुकता करून निघून जायचा. इंजिन मिनिटाला किती फेरे घेते याची चौकशी त्या काळात ना गिऱ्हाइकाने केली, ना आम्ही.

पुढे फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या आल्या, तेल सुधारले, आणि लाख-दीड लाख किलोमीटर झाले तरी बोअर उघडण्याची वेळ येईना. मी गाळ्यावर नियमित बसू लागलो तेव्हा होनिंग मशीन आठवड्यातून जेमतेम दोन दिवस चालत असे. अशा पडत्या काळात एक तरुण मारुती एस्टीमचे १६ वॉल्व्हचे (झडपांचे) इंजिन टेम्पोत घालून घेऊन आला. हेडचे, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या वॉल्व्हच्या भागाचे, पोर्ट (हवेचे मार्ग) मोठे केलेले, वॉल्व्ह उघडणारा कॅम बदललेला, कंपनीच्या ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) जागी बाहेरून घेतलेला प्रोग्रॅमेबल ईसीयू. त्याला ते इंजिन शर्यतीसाठी नव्याने बांधून हवे होते आणि साडेसहा हजारांवर अडणारी रेडलाइन, म्हणजे आरपीएमची (मिनिटाच्या फेऱ्यांची) कमाल मर्यादा, आठ हजारांपर्यंत न्यायची होती. काम मिळते आहे या आनंदात मी होकार दिला.

पहिली चूक आमचीच झाली, हे स्पष्ट लिहिणे बरे. क्रँक (पिस्टनची वरखाली चाल फेऱ्यांत बदलणारा दांडा), बेअरिंग, रिंग यांवर आम्ही जीव ओतला, कारण ते आमच्या हातचे काम होते. हेड मात्र साफ करून, वॉल्व्हच्या सीट लॅप करून (घासून जुळवून) जसेच्या तसे बसवले. लॅपटॉपवरून ईसीयूमधल्या मर्यादेत ६,५०० च्या जागी ८,००० लिहायला अर्धा मिनिटही लागला नाही. इंजिन ७,३०० च्या पुढे गेले की फटफट करू लागे. आम्ही प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोल वाढवून पाहिले. तिसऱ्या दिवशी एका वॉल्व्हला स्प्रिंगशी धरून ठेवणारे लॉक निसटले, वॉल्व्ह आत पडला आणि पिस्टनच्या माथ्यात रुतून बसला. हेड उघडले तेव्हा वॉल्व्हचा देठ पिस्टनमध्ये खिळ्यासारखा वाकून उभा होता. त्या इंजिनाचा सगळा खर्च आम्ही सोसला, आणि वडिलांनी आठ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले.

वडिलांच्या वेळेपासूनचे एक कारागीर आमच्याकडे आहेत. त्यांना सगळे मामा म्हणतात. लॅपटॉपला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. ते एवढेच म्हणाले, “अरे, आकडा तू कॉम्प्युटरला सांगितलास. स्प्रिंगला विचारलंस का?” मग त्यांनी ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर वाण्याकडे असतो तसा वजनकाटा ठेवला, त्यावर एक वॉल्व्ह स्प्रिंग उभी केली, चकमध्ये लोखंडी गुटका पकडला आणि डायल गेज लावून स्प्रिंग हळूहळू दाबत आणली. वॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगची जेवढी उंची असते तेथे एक वजन, आणि नव्या कॅमच्या पूर्ण लिफ्टला (वॉल्व्ह सर्वांत जास्त उघडतो तेव्हा) दुसरे, अशी १६ स्प्रिंगांची ३२ वजने त्यांनी खडूने पत्र्यावर मांडली. सर्वांत ताठ आणि सर्वांत ढिली स्प्रिंग यांच्यात चार किलोंचा फरक निघाला. आमच्याकडे आता विकतचा स्प्रिंग टेस्टर आहे, तरी मामा शंका आली की पुन्हा वजनकाट्याकडेच जातात.

त्या पत्र्यावर आमच्या चुकीचे उत्तर होते. वॉल्व्ह उघडतो कॅम, पण त्याला कॅमच्या मागे परत आणते ती स्प्रिंग. इंजिन ८,००० वर फिरते तेव्हा कॅम ४,००० वर फिरतो, म्हणजे प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघडून मिटावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेसहावरून आठ हजारांवर जाताना वेग २३ टक्के वाढतो, पण जोर मात्र ५१ टक्क्यांनी वाढतो. स्प्रिंग कमी पडली की वॉल्व्ह कॅमची साथ सोडून तरंगतो आणि मग सीटवर आपटून उडी मारतो. ती फटफट आम्ही इग्निशनची समजत होतो. यावर सरसकट दणकट स्प्रिंग टाकणे हाही उपाय नव्हे, कारण कॅम आणि त्याची हालचाल वॉल्व्हला देणारे रॉकर झिजतात. आम्ही आधी स्प्रिंगच्या माथ्यावरच्या टोप्या, म्हणजे रिटेनर, हलके करतो, आवश्यक तेवढाच जोर वाढवतो आणि शक्यतो दुहेरी स्प्रिंग वापरतो, म्हणजे आतली स्प्रिंग बाहेरच्या स्प्रिंगमधील थरथर दाबून धरते. पूर्ण लिफ्टला वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय हेड पुढे जात नाही. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले थापून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून, क्लेवर उमटलेला वॉल्व्हचा ठसा कापून मोजण्याची पद्धतही तेव्हापासूनची आहे. वॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात इनलेटला किमान २ आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर जागा नसेल तर इंजिन पुन्हा उघडले जाते.

वरचे, म्हणजे हेड, सुधारले की खालचे, म्हणजे पिस्टन आणि क्रँक, बोलू लागते. आमच्याकडे येणाऱ्या मुलांचा आवडता प्रश्न असतो, “काका, त्याची झेन आठ हजार फिरते, मग माझी एस्टीम का नाही?” याचे उत्तर स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतरात, आहे. जुन्या झेनच्या ९९३ सीसी इंजिनाचा स्ट्रोक ६१ मिलिमीटर, तर एस्टीमच्या १,२९८ सीसी इंजिनाचा ७५.५. एका फेऱ्यात पिस्टन स्ट्रोकच्या दुप्पट अंतर चालतो. त्यामुळे ८,००० आरपीएमला झेनच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.३ मीटर होतो, आणि एस्टीमचा पिस्टन तोच वेग ६,५०० च्या आतच गाठतो. ८,००० वर तो सेकंदाला २० मीटरच्या पुढे जातो. शिवाय हा पिस्टन प्रत्येक टोकाला थांबून उलटा फिरतो. वरच्या टोकाला त्याचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून अधिक असते. इनटेकच्या आधी, एक्झॉस्ट संपताना, वर दाब देणारा वायू नसतो, आणि ती सगळी ओढ पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या दोन बोल्टांवर येते. म्हणून कंपनीच्या रॉड-बोल्टवर सेकंदाला २० मीटरची रेषा आम्ही ओलांडत नाही. त्यापुढे जायचे असेल तर चांगले बोल्ट, वजन जुळवलेले रॉड आणि पिस्टन, क्रँकचे बॅलन्सिंग, आणि वळणावर तेल एका बाजूला जाऊ नये म्हणून ऑइल संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) बॅफल (आडवे पत्रे), हा खर्च गिऱ्हाइकापुढे ठेवतो. निम्मे लोक येथूनच परत जातात, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

उरलेल्या निम्म्यांना मी डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवतो. ताकदीचे किलोवॉट म्हणजे टॉर्कचे (फिरवण्याच्या जोराचे) न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ९,५४९. इंजिन ७,००० ला ९० न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल तर ६६ किलोवॉट मिळतात. ८,००० ला टॉर्क ७० वर घसरला तर मिळतात फक्त ५९. वरच्या आरपीएमला हेड आणि कॅम पुरेसा श्वास घेत नसतील तर तेथे नुसता आवाज वाढतो. मर्यादा वर ठेवण्याचा खरा उपयोग गिअर बदलताना होतो: कमाल ताकदीच्या थोडे पुढे गेल्यावर गिअर टाकला, तर पुढच्या गिअरमध्ये इंजिन पुन्हा भरल्या टॉर्कवर पडते. त्यासाठी बहुधा कमाल ताकदीच्या वर चारपाचशे आरपीएम पुरतात. म्हणून आमच्या जॉब कार्डावर मर्यादेचा रकाना सर्वांत शेवटी आहे आणि तो डायनोनंतरच भरला जातो.

रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांची ही कामे आम्ही घेत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांबाबत कडक आहे, आणि घोडबंदर रोडवर रात्री कोणी आमचे इंजिन आठ हजारांवर फिरवावे ही आमची इच्छाही नाही. येतात ती ट्रॅकची आणि रॅलीची इंजिने. काही चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातात, काही कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर.

गेल्या हंगामात त्यांतलेच एक एस्टीमचे इंजिन परत आले. मर्यादा आम्ही ७,६०० ठेवली होती आणि ईसीयूच्या नोंदीत कमाल आकडा होता ९,२००. चालवणारा मुलगा म्हणाला, “पण काका, लिमिटर होता ना?” मर्यादा गाठली की लिमिटर पेट्रोल किंवा ठिणगी तोडतो. तिसऱ्या गिअरमधून चौथा टाकताना हात चुकून दुसरा पडला, की इंजिन पेट्रोलने नव्हे, चाकांनी फिरते, आणि तेथे लिमिटरचे काही चालत नाही. मुलाने ते कबूल केले. इंजिन चालू होते, आवाज स्वच्छ होता, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत ठीक होते. तरी मामांनी संप काढायला लावला. बांधताना आठही रॉड-बोल्टांची लांबी मायक्रोमीटरने मोजून आम्ही कार्डावर लिहिली होती. पुन्हा मोजली, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचे दोन बोल्ट पाच शतांश मिलिमीटरने वाढलेले निघाले. आठही भंगारात टाकले, बेअरिंग बदलले, आणि नव्या संचाचे पैसे त्या मुलाने घासाघीस न करता दिले.