आजाराचा कितवा दिवस?

गेल्या महिन्यात एका बुधवारी रात्री अकराच्या सुमारास अडीच महिन्यांचे एक बाळ आमच्या बालरोग कक्षात आले, तेव्हा आजीने एवढेच सांगितले, "साहेब, लेकरू दूध ओढंना झालंय." अंगडे वर करून मी पूर्ण एक मिनिट श्वास मोजले; ते ६८ भरले. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा आत खेचली जात होती आणि पायाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजणाऱ्या ऑक्सिमीटरवर ८७ हा आकडा दिसत होता. सर्दी कधी लागली, या प्रश्नावर आजी म्हणाल्या, "सोमवारच्या बाजाराला गेलो, तवापासून नाक गळायलंय." मला हवे असलेले उत्तर तेच होते. तिसरा दिवस.

या बाळाला झालेला ब्राँकिओलायटिस हा दोन वर्षांखालील, त्यातही सहा महिन्यांखालील बाळांचा आजार असून बहुतेक वेळा तो आरएसव्ही या विषाणूमुळे होतो. फुप्फुसातील अगदी बारीक श्वासनलिका सुजतात, चिकट स्राव आणि झडलेल्या पेशी त्यांत अडकतात, आणि सर्दीने सुरू झालेला हा आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत वाईट वळण घेऊन मग हळूहळू ओसरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी बरे दिसणारे बाळ आणि सहाव्या दिवशी तेवढेच बरे दिसणारे बाळ यांचा निर्णय मी एकसारखा करत नाही.

बाळाला आमच्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत मात्र हा दिवस कुठेच नव्हता. तीत वाफेचे औषध, स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि प्रतिजैविक या तिन्हींची नोंद होती. ऑक्सिजनचा आकडा नव्हता, आणि चाळीस किलोमीटरच्या प्रवासात बाळाला ऑक्सिजनही लावलेला नव्हता. मला याचे फार वाईट वाटते. मोठ्या चाचण्यांनंतर हे स्पष्ट झाले आहे की साल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंद करणाऱ्या औषधाची वाफ, स्टेरॉइड आणि प्रतिजैविके यांचा नेहमीच्या ब्राँकिओलायटिसमध्ये उपयोग होत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची आणि ब्रिटनमधील नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची २०१५ ची मार्गदर्शक सूचना यावर एकमताच्या आहेत. ज्याने बाळ तरते ते ऑक्सिजन, पोटात जाणारे दूध आणि जागता पहारा चिठ्ठीत लिहिण्यासारखे वाटत नाही, हीच अडचण आहे.

आमच्या सिस्टरांनी दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे थेंब टाकून सक्शन केले, तेव्हा दाट पांढरा शेंबूड निघाला. नाकात ऑक्सिजनची नळी बसवल्यावर आकडा ९४ वर आला. आईने वाटीत काढलेले दूध आम्ही पोटातल्या नळीवाटे थोडे थोडे दिले. त्या रात्री याहून अधिक काही केले नाही. दर तासाला श्वास मोजत राहिलो, कारण इतक्या लहान बाळाचा श्वास अचानक थांबू शकतो. पहाटे बाळाने आईच्या अंगावर चार-पाच मिनिटे दूध ओढले.

आता आकड्याविषयी. २०१४ साली टोरोंटोमधील एका अभ्यासात २१३ बाळांपैकी निम्म्यांच्या ऑक्सिमीटरवर खरा आकडा दाखवला गेला आणि उरलेल्यांच्या यंत्रावर खऱ्यापेक्षा तीनने जास्त. खरा आकडा दिसणाऱ्या बाळांपैकी ४१ टक्के दाखल झाली, तर वाढीव आकड्याच्या गटातील २५ टक्केच. आणि या दुसऱ्या गटाचे पुढे काही बिघडल्याचे दिसले नाही. म्हणजे कितीतरी बाळे आजारामुळे नव्हे, तर पडद्यावरच्या दोन-तीन टक्क्यांमुळे दाखल होतात. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील आठ रुग्णालयांतल्या ६१५ बाळांवरील चाचणीत ऑक्सिजन देण्यासाठी ९४ ऐवजी ९० ही मर्यादा धरूनही तितकीच सुरक्षितता आढळली, आणि बाळे लवकर घरी गेली.

मी ही मर्यादा मानतो. मात्र मराठवाड्यात ती एकटी वापरत नाही. टोरोंटोतून घरी गेलेले बाळ रात्री बिघडले तर बहुधा थोड्या वेळात परत येऊ शकते. आमच्याकडे तांड्यावरच्या किंवा ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला रात्री वाहन मिळेलच, याची खात्री नसते. जगभरातील अंदाज सांगतो की २०१९ मध्ये आरएसव्हीमुळे पाच वर्षांखालील १ लाख १ हजार ४०० मुले दगावली, आणि त्यांतील केवळ २६ हजार ३०० मृत्यू रुग्णालयांत झाले. उरलेली मुले घरात, वाटेत किंवा उपचाराविना गेली. रुग्णालयाचा निकाल दाखल झालेल्या बाळांवरूनच मोजला, तर ही मुले हिशोबात येतच नाहीत.

म्हणून शनिवारी ऑक्सिजन काढल्यावर, झोपेतही आकडा ९२ राहत असतानाही, मी त्या बाळाला आणखी एक रात्र ठेवून घेतले. रविवारी, आजाराच्या सातव्या दिवशी, घरी सोडताना आईला सांगितले की खोकला दोन-तीन आठवडे राहील, त्याला औषध लागणार नाही. परंतु नेहमीच्या निम्म्यापेक्षा कमी दूध घेतले, दुपटे बराच वेळ कोरडे राहिले, पोट उडू लागले किंवा श्वास मध्येच थांबला, तर उजाडण्याची वाट पाहायची नाही. चुलीपाशी बाळाला निजवू नका, हे आजींना वेगळे सांगितले, कारण निजवण्याचे काम त्यांच्याकडे होते.

पंधराव्या दिवशी वडिलांचा फोन आला. खोकला अजून होताच, मात्र मागून बाळाच्या रडण्याचा खणखणीत आवाज येत होता, आणि ते भुकेसाठी रडत असल्याचे आजी सांगत होत्या.